नागपुरात पीएचडी आणि घर, दोन्ही एकत्र चालवायचं असेल तर (नव्यानं शिरणाऱ्यांसाठी)

नेट-पेट (देशपातळीची पात्रता परीक्षा आणि विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) काढून नुकतेच रजिस्टर झालेले किंवा व्हायच्या बेतात असलेले पोट्टे-पोट्टी भेटले की फिरून फिरून एकच विचारतात, मॅडम, घर सांभाळून पीएचडी होते का. होते, लोक करूनच राहिले आहेत. पण खरी अडचण कुठं येते ते कोणी सांगत नाही. अडचण अशी की संशोधन घरच्यांना काम म्हणून दिसतच नाही. बँकेतला माणूस दहाला निघतो, संध्याकाळी दमून येतो, महिन्याला पगार जमा होतो, सगळं डोळ्यासमोर. आपण मात्र डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून दोन तास एकाच पानाकडे बघत बसलो की लगेच हाक येते, रिकामीच आहेस तर जरा कुकर लाव ना. यात कोणी वाईट नसतं, त्यांना दिसतच नाही तर ते तरी काय करतील.

म्हणून खाली जे काही लिहिलंय त्याचा रोख एकच आहे, आपलं काम घरात दिसेल असं करायचं, आणि जे ठरवायचं ते आधी, तोंडावर, तारखा आणि आकडे घालून ठरवायचं. मी केमिस्ट्रीची, खासगी कॉलेजात शिकवता शिकवता पार्ट टाइम केली, घरी नवरा, पोरगी, सासू-सासरे, त्यामुळे उदाहरणं लॅबवाल्यांची आणि बायकांची जास्त येतील, बाकीच्यांनी आपापलं लावून घ्या.

१. विषय ठरवताना घरचं कॅलेंडर समोर ठेवा

सगळे एवढंच बघतात की गाइडकडे (आपल्या संशोधनाच्या मार्गदर्शकाकडे) काय चालू आहे आणि कशात पेपर निघतील. ते बघाच, पण त्याच्या जोडीनं हेही बघा की हा विषय तुम्हाला कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कुठं हजर राहायला लावणार. कपाशीवर काम घेतलं तर पेरणी पावसासोबत जूनमध्ये, आणि गुलाबी बोंडअळी बघायची म्हटलं की सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तुम्ही शेतात, म्हणजे नवरात्र, दसरा, दिवाळी आणि पोरांची सहामाही सगळं त्यातच सापडलं. संत्र्यावर काम असेल तर बहार विचारा, आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग पावसाच्या सुरुवातीला, आणि तुमचा प्रयोग कोणत्या बहारावर बेतलाय यावरून तुमच्या घरच्या सुट्ट्या ठरतात. समाजशास्त्र, मानववंशशास्त्रवाले गडचिरोली किंवा मेळघाटात फील्डवर्क घेतात, तिथं भर पावसाळ्यात आतल्या गावांत पोचणं मुश्किल, म्हणून सगळी धावपळ हिवाळ्यात येते, मग त्या वर्षीच्या हिवाळ्यात घरात साखरपुडा-बारसं काढू नका असं आधीच सांगून ठेवावं लागतं.

लॅबवाल्यांचं वेगळं. पेशी वाढवणाऱ्यांना दोन-तीन दिवसांनी मीडिया (पेशींचं खाद्यद्रावण) बदलावाच लागतो, पेशींना रविवार कळत नाही आणि तान्हा पोळाही कळत नाही. पण बरंचसं काम वार बघून लावलं की सुटतं, हे नव्या पोरांना कोणी शिकवत नाही म्हणून सांगते. समजा तुम्ही अंबाझरी किंवा फुटाळा तलावाचं पाणी तपासून राहिले. तीन दिवसांची, २७ डिग्रीवाली बीओडी (पाण्यातले जंतू किती ऑक्सिजन खातात ती टेस्ट) गुरुवारी लावली की रीडिंग रविवारी, मग रविवारी लेकराला सोडून लॅबमध्ये. तीच शुक्रवारी लावली की रीडिंग सोमवारी. पाच दिवसांची, २० डिग्रीवाली असेल तर बुधवारी लावा, सोमवारी मोकळे. तुमच्या लॅबमध्ये ज्या ज्या टेस्ट होतात त्यांची अशी वारांची यादी एकदा बसून करा, अर्धे रविवार तिथंच परत मिळतात. सॅम्पलिंगला मात्र हे चालत नाही, पाऊस पडल्यावरचं सॅम्पल हवं असेल तर पाऊस पडल्यावरच जावं लागतं.

कम्प्युटरवर किंवा जुन्या कागदपत्रांवर काम असेल तर वरवर सगळं सोयीचं वाटतं, कुठंही बसून होतं. त्याचा त्रास असा की ते कुठंही आणि केव्हाही होत राहतं, जेवताना पण डोक्यात तेच. अशांनी कामाची जागा आणि वेळ जास्त कडक ठेवायची.

२. गाइडची चौकशी टपरीवर करा

गाइडला जाऊन "सर, तुम्ही रविवारी फोन करता का" असं कोणी विचारू शकत नाही. त्यांचे जुने स्टुडंट शोधा, चहा पाजा, आणि विचारा. मागच्या तीन-चार जणांना किती वर्षं लागली, मधेच कोणी सोडली का आणि काहून सोडली, ड्राफ्ट दिला की किती दिवसांत वाचून परत येतो, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर काम येतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या लॅबमध्ये पोर झालेली किंवा घरी आजारी माणूस असलेली कोणी स्टुडंट होती का आणि तिच्याशी कसं वागले. एवढ्यावरून पुढचं चित्र कळून जातं.

दोन गोष्टी मात्र ऑफिसातून पक्क्या करा. एक, गाइडची रिटायरमेंट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत नोकरीची तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकाला नवा स्टुडंट घेता येत नाही. चार-पाच वर्षं राहिलेल्याला घेता येतो, पण तुम्ही पार्ट टाइम, त्यात बाळंतपणाचा विचार, तर शेवटी ते रिटायर आणि तुम्ही अर्ध्यात असं होऊ शकतं, मग को-गाइड कोण ते आजच विचारा. दुसरं, जागा. प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४, यापेक्षा जास्त स्टुडंट चालत नाहीत, त्यामुळे "हो हो, घेतो तुला" यावर वर्ष काढू नका, जागा रिकामी आहे का ते बघा.

३. नियम स्वतः वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका

डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाकडे एक एक दंतकथा असते. त्यापेक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं यूजीसीचं पीएचडीचं नियमपत्र आणि आपल्या विद्यापीठाचं त्यावरचं डायरेक्शन (विद्यापीठाचे स्वतःचे नियम), दोन्ही डाउनलोड करून एकदा शांतपणे वाचा. घर असलेल्या माणसाच्या कामाचं त्यात बरंच आहे.

कमीत कमी तीन वर्षं, कोर्सवर्क धरून. जास्तीत जास्त सहा, तेही प्रवेशाच्या तारखेपासून. त्यापुढे री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि बायकांना व ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना वर अजून दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत जाता येतं. दहा वर्षं मिळतात म्हणून दहा लावायची नाहीत हे वेगळं सांगायला नको. पण "सहा वर्षं झाली की सगळं संपलं" या भीतीनं बाळ पुढं ढकलणाऱ्या पोरी मी बघितल्यात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

पूर्ण पीएचडीच्या काळात मातृत्व आणि बालसंगोपन मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो, गाइडच्या सहीनं, आणि आवक क्रमांक टाकलेली कॉपी स्वतःजवळ ठेवावी लागते. तोंडी "हो, जा तू" यावर घरी बसलात की सहा महिन्यांनी हजेरीचा प्रश्न निघतो.

लग्नामुळे किंवा आणखी कशामुळे गाव बदलावं लागलं तर स्त्री स्कॉलरला आपला रिसर्च डेटा नव्या संस्थेत नेता येतो, मात्र काम जुन्या संस्थेच्या किंवा गाइडच्या मंजूर प्रोजेक्टमधलं असेल तर नाही. म्हणून ज्यांचं लग्न ठरायचंय त्यांनी प्रोजेक्टवर फेलो म्हणून लागताना हा विचार करावा, पैसा बरा असतो पण पायही तिथंच अडकतो.

पार्ट टाइमवाल्यांना नोकरीच्या ठिकाणाहून एनओसी लागतं, आणि त्यात तीन गोष्टी लिहून हव्यात, की पार्ट टाइम करायला परवानगी आहे, ड्युटी सांभाळून संशोधनाला वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करतील. तिसरं वाक्य नीट लिहून घ्या बापा. प्रिन्सिपल बदलले की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही.

आणि हो, यूजीसीच्या नियमात थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट आता नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती तपासा, पण निव्वळ भीतीपोटी पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलच्या मागे लागून घरचे पैसे घालवू नका.

४. घरच्यांसोबत एकदा रीतसर बसा

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना बसवा, सासू-सासरे, आई-बाबा, नवरा किंवा बायको, समजत असेल तर मोठं लेकरू पण. आणि पीएचडी म्हणजे काय ते टप्प्यांनी सांगा. पहिलं सहा महिने-वर्ष कोर्सवर्क, त्यात क्लास आणि परीक्षा असते. मग प्रत्येक सेमिस्टरला आरएसी, म्हणजे एका समितीसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं, त्याच्या आधीचे दोन आठवडे मी घरात असून नसल्यासारखी. मग प्रयोगांची दोन-तीन वर्षं, त्यात आठवड्यातला एक दिवस उशीर होणार. शेवटचं वर्ष लिखाणाचं, त्यात चिडचिड होणार, आत्ताच माफ करा.

सासूबाईंना "आरएसी" कळत नाही असं समजू नका, त्यांना तारीख सांगितली की बरोबर कळते. आमच्याकडे किचनमधल्या कॅलेंडरवर, जिथं चतुर्थी आणि गॅसचा नंबर लागल्याची तारीख लिहितात तिथंच, लाल पेननं आरएसी, सॅम्पलिंग, फेलोशिपचा फॉर्म सगळं लिहायचं असं ठरलं. त्याचा परिणाम असा की पाहुणे येऊ का म्हणून फोन आला की सासूबाईच परस्पर सांगायला लागल्या, "त्या आठवड्यात नको, हिची कमिटी आहे." मी दहा वेळा समजावून जे झालं नसतं ते त्या लाल शाईनं केलं.

याच बैठकीत कोणतं काम कोणाकडे ते ठरवा, आणि "मदत करतो" हा शब्द चालू देऊ नका. सकाळचा डबा नवऱ्याकडे म्हणजे भाजी काय करायची हे ठरवणं, आदल्या रात्री ती आणून ठेवणं आणि डबा घासायला टाकणं, सगळं त्याच्याकडे. नाहीतर "भाजी कोणती करू गं" असं लॅबमध्ये फोन करून विचारणं सुरू होतं, आणि विचार करायचं काम आपल्याकडेच राहतं. पुरुष स्कॉलर वाचत असतील तर त्यांनाही सांगते भाऊ, तुमची बायको नोकरी करून घर चालवून राहिली म्हणून तुमची पीएचडी चालू आहे, तर "मी अभ्यास करतोय" हे पाच वर्षं पुरणारं कारण नाही.

५. पैशाचं कागदावर मांडा

जेआरएफ (नेटमधून मिळणारी फेलोशिप) आहे त्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि एसआरएफ (तिचा पुढचा टप्पा) झालं की ४२,०००, वर घरभाडं भत्ता, तो नागपूर वाय वर्गातलं शहर म्हणून त्या दरानं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी फेलोशिप देणारी राज्य सरकारची महाज्योती ही संस्था आहे, तिचं ऑफिस नागपुरातच, बाकी बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणब्यांसाठी) पुण्याला. आकडा ऐकायला बरा आहे, पण फेलोशिप ही पगारासारखी एक तारखेला येईल असं धरून घराचा हप्ता बांधू नका. सही राहिली, हजेरी पोचली नाही, पोर्टल बंद, काहीही होतं आणि तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम येतात. चार-पाच महिन्यांचा किराणा, दूध, शाळेची फी आणि लाइट बिल निघेल एवढं वेगळं पडलेलं असू द्या, मगच नोकरी सोडून फुल टाइमला या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी तर सुट्ट्यांच्या महिन्यांत मानधन नाही हे धरूनच हिशोब करावा.

मुलांमुळे मधे खंड पडलेल्या बायकांसाठी डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची) वाइज-पीएचडी आणि वाइज-पोस्ट डॉक्टरल अशा योजना आहेत, सायन्सवाल्यांनी त्या जाहिरातीवर नजर ठेवावी. केंद्र सरकारच्या संस्थांत, म्हणजे आपल्याकडे नीरी (पर्यावरण संशोधन), कापूस संशोधन, लिंबूवर्गीय संशोधन वगैरे, कायम नोकरी लागली तर बायकांना दोन मुलांसाठी, ती १८ वर्षांची होईपर्यंत, एकूण ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते. पण ती कर्मचाऱ्यांची, प्रोजेक्ट फेलोची नाही, हा फरक आधी समजून घ्या.

६. दिवस कसा लावायचा

नागपुरात एप्रिल-मे म्हणजे वेगळाच हिशोब. पारा ४५ च्या वर, दुपारी कूलरसमोर पण डोकं चालत नाही, वरून राज्य बोर्डाच्या शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटाला उघडतात, मुंबई-पुण्याला मध्यालाच उघडतात. म्हणजे लेकरं घरी जास्त दिवस, त्याच काळात लग्नसराई, आणि त्याच काळात कॉलेजवाल्यांना विद्यापीठाचे पेपर तपासायला. उन्हाळ्यात थिसिसचा चॅप्टर लिहून काढीन असं कोणी ठरवत असेल तर ठरवू नका. उन्हाळ्यात पहाटे साडेचार ते साडेसहा एवढंच खरं काम होतं, बाकी दिवसभर फुटकळ. लिहायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थंडीत, तेव्हा रात्री जागता पण येतं.

कामाचे दोन ढीग करा. एक, ज्याला डोकं लागतं, डेटा बघून काय म्हणायचं ते ठरवणं, लिखाण, गणित. दुसरा, ज्याला हात लागतो, झोटेरोमध्ये (संदर्भांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर) रेफरन्स भरणं, ग्राफचे फॉन्ट, टेबलं, फॉर्म, ईमेल. पहिल्याला दार बंद करून दीड-दोन तास लागतात आणि ते रोज एकदाच मिळतात, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. दुसरा ढीग पोरीच्या डान्स क्लासच्या बाहेर बसून, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, मेट्रोत लोकमान्य नगर ते सीताबर्डी जाताना, कुठंही होतो. पहाटेची शांत वेळ मिळाली आणि आपण ती फॉन्ट बदलण्यात घालवली की दिवसभर काहीच न केल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं मग घरच्यांवर निघतं.

वाचण्यासाठी आता सारखं लायब्ररीत जायची गरज कमी झाली. शोधगंगा या साइटवर जुने थिसिस फुकट आहेत, आणि सरकारी संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन (जर्नल वाचायची एकत्र वर्गणी) सुरू झालंय, घरून लॉगिन मिळतं का ते आपल्या लायब्ररियनला विचारून घ्या. तरी आठवड्यातून एक दिवस घराबाहेर बसून काम करा, घरी असलो की घरचेच असतो.

७. बाळाचं

पीएचडीत बाळासाठी "सोयीचा काळ" शोधत बसू नका, तो नसतो. तरी निवड असेल तर कोर्सवर्क संपल्यानंतर आणि मोठे प्रयोग सुरू व्हायच्या आधी, किंवा प्रयोग संपून लिखाण सुरू होताना, हे दोन काळ त्यातल्या त्यात बरे. मधल्या फळीत, प्रयोग अर्धवट असताना, रजेवर गेलं की परत आल्यावर अर्धं पुन्हा करावं लागतं.

लॅबवाल्या पोरींनी दिवस गेल्याचं कळलं की गाइडला लवकर सांगायचं, तीन महिने लपवायची आपल्याकडची रीत इथं चालत नाही. बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, इथिडियम ब्रोमाइड, किरणोत्सर्गी द्रव्यं, या गोष्टींपासून पहिले तीन महिने तर जास्तच जपायचं असतं. सगळ्या लॅबला सांगायची गरज नाही, गाइड आणि एक विश्वासाची लॅबमेट पुरे. आपल्या केमिकल्सचे सेफ्टीचे कागद प्रिंट काढून डॉक्टरला दाखवा, डॉक्टरांना तुम्ही रोज काय हाताळता ते माहीत नसतं.

रजेवर जायच्या आधीच्या महिन्यात तीन कामं करा. कच्चा डेटा दोन ठिकाणी कॉपी, फ्रीजरमधल्या प्रत्येक सॅम्पलवर नाव-तारीख आणि त्याची यादी लॅबमेटकडे, आणि स्वतःसाठी एक दोन पानांचं टिपण, की मी कुठं थांबले, पुढचं पाऊल काय, कोणत्या फाइलमध्ये काय आहे. बाळंतपणानंतर परत आल्यावर आपलंच काम परक्याचं वाटतं, तेव्हा ते टिपण देवासारखं धावून येतं.

परत सुरू करताना पाळणाघर आणि आजी, यात भांडण लावू नका. आजी सकाळी, पाळणाघर दुपारी, असं अर्धं अर्धं केलं की आजीचे गुडघे पण टिकतात आणि तिची दुपारची झोप पण. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर देणं २०१७ पासून कायद्यात आहे, आपल्या संस्थेत आहे का ते विचारा, नसेल तर दोन-चार जणींनी मिळून लेखी विचारा. आणि ताप आल्या दिवशी कोण थांबणार ते आधी ठरवा. आमच्याकडे नियम होता, ज्याचं त्या दिवशीचं काम पुढं ढकलता येतं तो थांबेल. शिक्षण जास्त कोणाचं, पगार जास्त कोणाचा, हे त्यात आणायचं नाही.

८. म्हातारी माणसं

यावर लोक बोलत नाहीत, पण तिशी-पस्तिशीत पीएचडी करणाऱ्याला बाळाइतकंच हे पण असतं. भाऊ पुण्यात, बहीण परदेशात, आणि आपण गावातच आहोत, त्यातून "तिला काय, ती तर शिकूनच राहिली", म्हणून धंतोलीतल्या प्रत्येक डॉक्टरकडे जायचं आपल्याकडे येतं. बाहेर राहणाऱ्या भावा-बहिणींना पैशासोबत कामंही वाटून द्या. रिपोर्ट ऑनलाइन बघणं, इन्शुरन्सचे कागद, औषधं मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, हे सगळं पुण्यात बसून होतं. आपण फक्त सोबत जायचं. आणि एक फाइल करून ठेवा, आधार, पॉलिसी, चालू औषधं, जुने रिपोर्ट, म्हणजे ऐन आरएसीच्या दिवशी काही झालं तर दुसरं कोणीही ती घेऊन निघू शकेल.

९. नातेवाईक, लग्नं आणि बाहेरगाव

"अजून शिकूनच राहिली का गं?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात येणार. थिसिसची स्थिती समजावून सांगू नका, समोरच्याला ती नकोच असते. "हो काकू, पुढच्या वर्षी पेढे देते" म्हणायचं आणि पुढचा विषय काढायचा. सगळ्या लग्नांना जाऊ नका, पण घरातल्या ज्या दोन-तीन लग्नांना जायचं तिथं लॅपटॉप न घेता जा, अर्धवट हजर राहिलेलं लोक जास्त लक्षात ठेवतात.

कॉन्फरन्सचं म्हणाल तर नागपूर त्या बाबतीत बरं आहे, मधोमध असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी रात्रीची गाडी मिळते. मुंबईला दुरांतोनं रात्री किंवा विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी निघा, दिवसभर पेपर वाचा, रात्री परत बसा, घरी एकच दिवस गैरहजेरी. वर्षात एक बाहेरची कॉन्फरन्स पुरे. प्रत्येक सर्टिफिकेटसाठी धावणाऱ्यांचा थिसिस पुढं सरकलेला मी फारसा बघितला नाही.

१०. दोघंही संशोधक असाल तर

दोघांच्या विषयाला एकाच शहरात जागा मिळणं कठीणच. नागपुरात पर्यावरण, कापूस, संत्रा, माती, अ‍ॅल्युमिनियम, इंजिनिअरिंग, मेडिकल यांच्या संस्था आहेत, पण सगळ्या विषयांच्या नाहीत, त्यामुळे बाहेर जायचा प्रश्न येतोच. कोण कधी जाणार ते पाळीनं ठरवा आणि लिहून ठेवा, पहिली दोन वर्षं तुझी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नेमणूक), पुढचा अर्ज माझ्या गावाप्रमाणे, असं. लिहिलेलं नसलं की ज्याला आधी ऑफर आली त्याच्या मागे दुसरा जातो, आणि दुसरी बहुतेक वेळा बायकोच असते.

११. नावाचं आजच करून टाका

हे छोटं आहे पण शेवटी फार त्रास देतं, म्हणून लग्न व्हायच्या पोरींनी हे नीट वाचा. रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं, पहिला पेपर माहेरच्या, दुसरा सासरच्या, आधारवर तिसरंच स्पेलिंग, आणि थिसिस जमा करताना ऑफिस म्हणतं सगळीकडे एकच नाव आणा. लेखक म्हणून एकच नाव ठरवा आणि ते लग्नानंतरही तेच ठेवा, घरी काय नाव लावायचं तो वेगळा विषय. ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो, दहा मिनिटांत होतो, आजच काढा, म्हणजे नाव दोन झाली तरी पेपर एकाच माणसाचे दिसतात. नाव बदलायचंच असेल तर आधी महापालिकेतून लग्नाचं सर्टिफिकेट, मग गॅझेट, मग आधार-पॅन, आणि त्यानंतर विद्यापीठात अर्ज. हे सगळं थिसिस जमा करायच्या निदान वर्षभर आधी उरकलेलं असू द्या, कारण शेवटच्या महिन्यात तुम्ही प्रिंटिंगवाल्याकडे बसलेल्या असाल, गॅझेटच्या रांगेत उभं राहायला वेळ नसेल.